परिचयाच्या पाटीवर काय लिहू?

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांची आहे. कराटे सुरू केलं तेव्हा १९ वर्षांची होते. वर्गातली बाकीची मुलं माझ्या कमरेएवढी. पहिली चार वर्षं कराटेच्या शैलींपैकी गोजू-र्‍यू शिकले. मग नोकरीसाठी दुसरीकडे गेले. तिथे गोजू-र्‍यू शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून शोतोकान शैलीत पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात केली. मध्ये बाळंतपण आणि त्यानंतरची अशी तीन वर्षं काहीच केलं नाही. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत पहिल्या वेळी नापास झाले. बासाई-दाई या कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, मिकाझुकी-गेरी ही वळणारी लाथ मारून किबा-दाची या पवित्र्यात उतरताना तोल गेला आणि पुढचं सगळं विस्कटलं. आठ महिन्यांनी पास झाले, त्याला आता दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात सरांनी मला लहान मुलांची बॅच घ्यायला सांगितलं. आमच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, सगळ्या शिक्षकांचे परिचय भिंतीवर लावलेले आहेत, तसा माझाही मागितला आहे. मी बाकीचे वाचले. पाचव्या वर्षापासून सराव, ढीगभर पदकं, चौथा दान (काळ्या पट्ट्याची चौथी पायरी), जपानमध्ये प्रशिक्षण. माझ्याकडे एकच पदक, तेही सांघिक काताचं. लिहायला बसते आणि वाटतं, माझ्या प्रवासात जे जे आहे ते झाकून ठेवण्यासारखंच आहे. कुणा पालकांनी विचारलं, ‘तुम्ही कुठे शिकलात?’ तर काय सांगू? सरांना तूर्त नाही म्हणावं आणि दुसरा दान झाल्यावर शिकवायला सुरुवात करावी, असं वाटतं. तुम्ही काय म्हणाल?

– अर्धवट ब्लॅक बेल्ट

* * *

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला तूच म्हणते. उत्तर आधी देऊन टाकते: बॅच घे. दुसऱ्या दानची वाट बघू नकोस. मात्र सरांना हो म्हणताना एक अट घाल. ती पुढे सांगते. ती त्यांना मान्य नसेल, तर खुशाल नाही म्हण.

आता तुझ्या सहीबद्दल. ‘शोदान’मधल्या ‘शो’चा अर्थ आरंभीचा, आणि दान म्हणजे पायरी. पहिल्या काळ्या पट्ट्याचं नावच आरंभाची पायरी असं आहे. तिथे पोचलेल्या माणसाने स्वतःला अर्धवट म्हणावं असं त्यात काही नाही. शिवाय ही पायऱ्यांची पद्धत मुळात कराटेची नव्हे, ज्युदोची. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला दान दिला, आणि शोतोकानचे प्रवर्तक फुनाकोशी गिचिन यांनी १९२४ मध्ये ती पद्धत कराटेत आणली. त्याआधी कराटेचं मूळ असलेल्या ओकिनावा बेटावर जे शिकत होते आणि शिकवत होते, त्यांना ना दान होता ना पट्ट्याचा रंग. इतोसु आन्को आणि हिगाओन्ना कानर्‍यो या दोघांच्या शिकवणीतून आजच्या कितीतरी शैली निघाल्या. दोघेही १९१५ मध्ये वारले, कुठलाही दान नसताना. आणि तू जिथून सुरुवात केलीस त्या गोजू-र्‍यूचे संस्थापक मियागी चोजुन यांनी १९५३ मध्ये जाईपर्यंत आपल्या एकाही शिष्याला दान दिला नाही.

दानची मला किंमत आहे. माझ्या प्रत्येक परीक्षेच्या आधी मी रात्र रात्र जागले आहे. पण दान तुझ्या स्वतःच्या अंगात काय मुरलंय ते सांगतो. समोरच्या नऊ वर्षांच्या मुलाला ते देता येईल का, हे त्यावरून कळत नाही. जपान कराटे असोसिएशनने १९५६ मध्ये नाकायामा मासातोशी यांच्या देखरेखीखाली प्रशिक्षक घडवण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत कानाझावा हिरोकाझु आणि मिकामी ताकायुकी यांच्यासारखी मुलं होती. पक्के ब्लॅक बेल्ट, विद्यापीठांच्या संघांत तावून सुलाखून निघालेले. तरीही शिकवायला उभं राहण्याआधी त्यांना आणखी काही शिकावं लागेल, असं त्यांच्या वरिष्ठांना वाटलंच. तेव्हा तुझी भीती अगदीच निराधार नाही. फक्त तिचा रोख चुकलाय. तू दानकडे बघतेस, आणि बघायला हवं शिकवण्याच्या तयारीकडे.

भिंतीवरच्या त्या परिचयांच्या साच्यात फुनाकोशींना बसवून बघ. जन्म १८६८, ओकिनावातलं शुरी. लहानपणी प्रकृती नाजूक. व्यवसाय: शाळामास्तर, ३० वर्षांहून अधिक. पदकं: एकही नाही, कारण स्पर्धाच नव्हत्या. तरुणपणी दहा वर्षांत शिकलेले काता: तीन. नाइहान्चीचे तीन भाग, ज्यांना तुम्ही शोतोकानमध्ये तेक्की म्हणता, तेवढेच. रात्री आझातो आन्को यांच्या घराच्या अंगणात एकच काता महिनोन्‌महिने करायचा, आणि गुरू बसून बघणार, बहुतेक वेळा ‘पुन्हा’ एवढंच म्हणणार. १९२२ मध्ये ते प्रात्यक्षिकासाठी तोक्योला आले तेव्हा ५३ वर्षांचे होते. तिथेच राहिले. ओकिनावाहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात झाडलोट, पहारा, बागकाम करून दिवस काढले आणि तिथल्याच एका खोलीत शिकवलं. हा परिचय आज आपण कुठल्या दोजोच्या भिंतीवर लावला असता, याचा मी पुष्कळदा विचार करते.

तुझ्या तीन वर्षांच्या खंडाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण पत्रात तू ‘काहीच केलं नाही’ असं लिहून तो एका वाक्यात उरकलास.

उएची कानबुन १८९७ मध्ये ओकिनावाहून चीनमध्ये फुझोऊला गेले. तेरा वर्षं तिकडे काढली, शिकले आणि पुढे शिकवूही लागले. तिथल्या त्यांच्या एका शिष्याच्या हातून भांडणात माणूस मेला, असं सांगतात. १९१० मध्ये ते ओकिनावाला परतले, शेती करू लागले, आणि शिकवणं पार थांबवलं. कितीतरी वर्षं ते कुणाला शिकवायलाच तयार नव्हते. पुढे १९२०च्या दशकात ते जपानमधल्या वाकायामात कापडाच्या गिरणीत कामाला असताना तोमोयोसे र्‍युयु नावाचा एक ओकिनावी तरुण त्यांच्या मागे लागला, आणि त्याच्यापासून शिकवणं पुन्हा सुरू झालं. आज आपण ज्याला उएची-र्‍यू म्हणतो ती शैली त्यातून उभी राहिली. परिचयाच्या पाटीवर ती मधली वर्षं म्हणजे रिकामी जागा दिसेल. मला मात्र त्या रिकाम्या जागेत एक माणूस दिसतो, जो आपण दिलेली विद्या दुसऱ्याच्या हातून कुठवर जाऊ शकते या विचाराने अडून बसला होता. शिकवणाऱ्याला एवढं तरी वाटलं पाहिजे.

माझा स्वतःचा खंड चौदा महिन्यांचा. तेव्हा मी २९ वर्षांची होते आणि सहा वर्षं शिकवत होते. तिसऱ्या दानच्या तयारीत वळताना उजवं पाऊल जमिनीला चिकटून राहिलं, मांडी वळली आणि गुडघा मध्ये अडकला. लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रिया झाली. सहा महिन्यांनी फिजिओथेरपिस्टने मला भिंतीला हात लावून नुसता गुडघा कमरेपर्यंत उचलून धरायला सांगितला, आणि तो पाच सेकंदही राहीना. ज्या पायाने मी चौदाव्या वर्षापासून माए-गेरी, म्हणजे समोरची लाथ, मारत आले, त्याला माए-गेरीतलं पहिलं अक्षरही आठवत नव्हतं. मग एक एक तुकडा पुन्हा जोडत गेले. गुडघा उचलणं, पाय झटकणं, तो परत ओढून घेणं, आणि मग खाली ठेवणं. सगळ्यात उशिरा जमला तो तिसरा तुकडा. झटकलेला पाय परत ओढून उभ्या पायावर एक क्षण स्थिर राहायला जेवढी ताकद लागते, तेवढी मारायला लागत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं. लहानपणी शिकलेल्या माणसाला आपण काय करतो ते ठाऊक नसतं. अंग आपोआप करतं.

वर्गावर परतले तेव्हा एक मुलगा होता, दर माए-गेरीनंतर पुढे कोलमडायचा. आधी मी त्याला सहा महिने ‘तोल सांभाळ’ म्हणत होते. आता नुसतं बघितलं आणि दिसलं की तो पाय परत घेतच नाही, जिथे झटकला तिथेच टाकतो आणि त्याच्यामागे सगळं वजन जातं. म्हटलं, ‘आधी परत ओढ, मग ठेव.’ त्याच तासाला तो उभा राहिला. ‘तोल सांभाळ’ ही सूचना नव्हतीच, ती माझी हतबलता होती. तुझ्याही लक्षात येईल, वर्गात ओरडल्या जाणाऱ्या निम्म्या सूचना अशा असतात.

तुझं अंग बाळंतपणानंतर तुझं ऐकेनासं झालं असेल. पोटात जोर नाही, कमरेत भरवसा नाही, आणि शेजारी पंधरा वर्षांची मुलगी सहज पाय डोक्याएवढा उचलते आहे. त्या अवस्थेत तू परत आलीस. हात मोडून प्लास्टर काढल्यावर वर्गात परतलेलं एखादं पोर कोपऱ्यात उभं राहील, तेव्हा त्याला काय वाटतंय हे भिंतीवरच्या किती परिचयांना कळेल? वयाचं म्हणशील, तर सान्द्रा सांचेझने २०२१ मध्ये तोक्योत ऑलिंपिकमधलं काताचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती ३९ वर्षांची होती, आणि मधल्या काळात आईच्या कर्करोगात तिच्याजवळ राहण्यासाठी तिनेही खेळ बाजूला ठेवला होता.

दोन शैलींबद्दल. माबुनी केनवा इतोसुंकडेही शिकले आणि हिगाओन्नांकडेही. त्यांनी आपल्या शैलीला शितो-र्‍यू हे नाव दिलं, ते या दोन गुरूंच्या नावांतली पहिली चित्राक्षरं वेगळ्या उच्चाराने घेऊन. दुसऱ्या गुरूकडे जाणं हे तेव्हा कमीपणाचं नव्हतं. फुनाकोशींनी आपल्या शिष्याला माबुनींकडे नेऊन काता शिकायला लावले होते, असं नाकायामांनीच सांगितलं आहे. तो शिष्य म्हणजे स्वतः नाकायामा. तुला तर याचा रोजचा फायदा आहे. सांचिन-दाचीत चार वर्षं मांड्या आत आवळून उभी राहिलीस आणि मग झेनकुत्सु-दाचीत लांब पाऊल टाकून कंबर खाली घ्यायला शिकलीस. जुनी सवय अंगातून निघताना किती चिवटपणे हात धरून ठेवते, हे तुला मुलांपेक्षा जास्त माहीत आहे. एवढंच सांभाळ की मुलांच्या वर्गात दोन्हींची सरमिसळ करायची नाही. त्यांची परीक्षा शोतोकानची आहे. ‘माझ्या आधीच्या दोजोत हे असं करायचे’ हे वाक्य रंगीत पट्ट्याच्या मुलांना गोंधळात टाकतं. तुझ्या सरांशी बोलताना मात्र ते जरूर बोल.

आता ती अट. तुझ्या स्वतःच्या सरावाचे दिवस वेगळे राहतील, त्या दिवशी तू कुणालाही शिकवणार नाहीस, आणि त्या दिवशी सर तुझ्या चुका काढतील. हे स्पष्ट शब्दांत ठरवून घे. ‘बॅच झाल्यावर अर्धा तास बघू’ असं म्हणाले तर मान्य करू नकोस. तो अर्धा तास कधीच येत नाही. एका मुलाची आई थांबलेली असते, कुणाचा पट्टा सुटलेला असतो, दिवे बंद करायचे असतात.

मी हे जीव तोडून सांगतेय, कारण प्रशिक्षकांचे प्रवास थांबतात ते इथे. शिकवायला लागलं की रोज दोजोत जाणं होतं, गी (सरावाचा पोशाख) अंगात असतो, घाम येतो, आणि आपण सराव करतोय असा भास होतो. प्रत्यक्षात आपण मोजत असतो. दाखवतो ते निम्म्या जोराने, कारण पुढे तीन बॅच असतात. दाखवतो तेही बहुधा उजव्या पायाने, कारण तो चांगला दिसतो. वॉर्मअप मुलांचा होतो. आपण थंड अंगाने एकदम एक गेरी मारून दाखवतो आणि मांडीचा स्नायू धरून बसतो. अशी चार वर्षं मी काढली. पुढे एका शिबिरात माझ्या सरांनी मला कान्कु-दाई हा काता करायला सांगितला. झाल्यावर ते म्हणाले, ‘हा तू मला चार वर्षांपूर्वी दाखवला होतास तोच आहे. जरा जुना झालाय.’ त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी घरी येऊन रडले. त्या आठवड्यात दोन वर्ग दुसऱ्यांना दिले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले, माझ्याच विद्यार्थ्यांच्या शेजारी. विद्यार्थ्यांनी मला चूक ऐकून घेताना पाहिलं, आणि त्यांच्यात पडलेला फरक मला महिनाभरात जाणवला. माझं ऐकायला ते तयार होतेच, आता ते मला प्रश्न विचारायला लागले.

फुनाकोशींच्या वीस सूत्रांत एक उकळत्या पाण्याचं आहे: आच काढली की ते पुन्हा कोमट होतं. कानाझावा जगभर शिकवत फिरत होते, तरी ताई-ची शिकायला दुसऱ्या गुरूसमोर विद्यार्थी म्हणून उभे राहिले. म्हणून मी कुणाही प्रशिक्षकाच्या परिचयात सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते: हा माणूस आज, या घटकेला, कुणाकडून शिकतोय का? बहुतेक ठिकाणी सगळी क्रियापदं भूतकाळातली असतात.

बॅच घेशील तेव्हा पहिल्या दिवसापासून एकटी उभी राहू नकोस. पहिले तीन महिने कुणा जाणत्या शिक्षकाच्या वर्गात मागे उभी राहा आणि तंत्राऐवजी शिक्षक बघ. तो एका वेळी किती चुका सांगतो, कुणाकडे पाठ करून उभा राहतो, चुकार मुलाचं नाव कसं घेतो. मला स्वतःला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. पहिल्याच वर्षी एका दहा वर्षांच्या मुलाला पाय फाकवून बसवलं आणि मागून पाठीवर भार देऊन खाली दाबलं, कारण मला तसंच दाबलं गेलं होतं. जांघेचा स्नायू दुखावला. दोन महिने त्याला नीट पळता आलं नाही. चूक पूर्णपणे माझी होती. मुलांचं अंग कधीही दाबून ताणायचं नाही. त्यांचं त्यांना जेवढं जातं तेवढंच, अंग गरम झाल्यावर. वाढत्या वयातल्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो, तो मोठ्यांच्या हाडाइतका पक्का नसतो. म्हणून टणक वस्तूंवर मुठी आपटणं, बेडूकउड्या, हवेत पूर्ण ताकदीने कोपर आणि गुडघा झटकून अडकवणं, हे त्यांच्या बाबतीत सोडून दे, कुणी कितीही ‘जुन्या पद्धतीचं कडक प्रशिक्षण’ म्हणालं तरी. प्रथमोपचार आणि सीपीआरचं रीतसर प्रशिक्षण बॅच सुरू होण्याआधी घे. आणि कुमितेत, म्हणजे दोघांच्या झुंजीत, डोक्याला फटका बसून मूल जरा जरी गोंधळलेलं, मळमळणारं वाटलं, तर त्या दिवशी त्याचा सराव तिथेच संपला. पालकांना सांगायचं, डॉक्टरांकडे पाठवायचं, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पुन्हा उभं करायचं नाही. मूल स्वतः ‘मी ठीक आहे’ म्हणेल. ते ऐकायचं नाही.

पदकांचं फार मनावर घेऊ नकोस. स्पर्धेसाठी मुलं तयार करायची असतील तर स्पर्धेचा अनुभव लागतो, आणि तो तुझ्या दोजोत दुसऱ्या कुणाकडे आहे. पांढऱ्या पट्ट्याच्या मुलांना त्याची गरज नाही.

राहिला परिचय. एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते: जगातल्या सगळ्या दानांची नोंद ठेवणारी एकच सर्वोच्च संस्था कराटेत नाही. प्रत्येक दान तो देणाऱ्या संघटनेचा असतो. त्यामुळे मोठमोठे आकडे आणि बिरुदं लावणं सोपं आहे, आणि ती पडताळणं अवघड. अशा ठिकाणी सरळ, तपासता येईल असा परिचय ही मोठी गोष्ट आहे. शैली, गुरूंचं नाव, संघटना, वर्ष, बस्स. आणि खंड झाकू नकोस, नापास झालेली परीक्षाही झाकू नकोस. मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

‘वयाच्या १९व्या वर्षी गोजू-र्‍यूपासून सुरुवात. चार वर्षांनी शोतोकानमध्ये पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून. बाळंतपणानंतर तीन वर्षांचा खंड, मग पुन्हा सराव. पहिल्या दानच्या परीक्षेत दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण. सध्या सरांकडे दुसऱ्या दानची तयारी सुरू आहे.’ त्यात दोन्ही गुरूंची नावं आणि वर्षं घाल.

हे वाचून एखादे पालक आपलं मूल दुसऱ्या बॅचला घालतीलही. घालू देत. पण पहिल्या परीक्षेत नापास होऊन, पट्टा मुठीत चुरगाळून भिंतीशी उभं राहिलेलं मूल कधीतरी वर बघेल आणि ‘दुसऱ्या प्रयत्नात’ हे शब्द वाचेल. ते तुझ्याकडे येऊन विचारेल, ‘मॅडम, तुम्हीपण?’ त्यापुढचं तुला सांगावं लागणार नाही.

आणि ती मिकाझुकी-गेरी. पत्रातल्या दोन ओळींवरून सांगणं धाडसाचं आहे, पण बासाई-दाईत त्या जागी तोल जाणारे मी बरेच पाहिले आहेत, आणि बहुतेकांचं एकच होतं. पुढे धरलेला डावा तळवा जागचा हलतो, पायाला भेटायला आत येतो, त्याच्यामागे खांदा येतो. मग पाय तळव्यावर आपटला की तिथूनच किबा-दाचीत पडतो. तळवा जिथे आहे तिथेच ठेव, पायाने त्याच्यापर्यंत यायचं. उभ्या पायाची टाच उचलू देऊ नकोस. लागल्यावर गुडघा आधी छातीकडे परत ओढ, एक श्वास डाव्या पायावर राहा, मग पाय ठेव आणि एन्पी, म्हणजे कोपराचा फटका, मार. तो श्वास पुढे सरावाने आपोआप लहान होत जातो. या आठवड्यात सरांना तेवढाच तुकडा बघायला सांग, दहा वेळा उजव्या पायाने आणि दहा वेळा उलट्या बाजूने, डाव्याने.